परत आलेला माल गोदामात कसा हाताळावा? नाशिकच्या विक्रेत्यांना वारंवार पडणारे प्रश्न

अंबड, सातपूर, विल्होळी, आडगाव किंवा सिन्नरच्या गाळ्यातून ऑनलाइन माल पाठवणारे विक्रेते आणि जिल्हाभरच्या दुकानांना माल पुरवणारे वितरक यांच्यासाठी ही उत्तरं आहेत. दिवसाला वीसपासून दोनशेपर्यंत रिटर्न येतात, असं गोदाम डोळ्यासमोर ठेवलं आहे.

रिटर्नचं काम तुंबतं ते नेमकं कुठे?

जवळजवळ नेहमी तपासणीच्या टेबलापर्यंत पोचण्याआधीच. गाडीतून पोती उतरतात, कोपऱ्यात लागतात आणि "संध्याकाळी बघू" म्हणून तिथेच राहतात. संध्याकाळी पाठवणीची घाई असते. आठवडाभराने त्या ढिगात काय आहे हे गोदामात कुणालाच सांगता येत नाही. त्यात लगेच विकता येईल असा माल असतो, क्लेमची (नुकसानभरपाईच्या दाव्याची) मुदत टळलेला असतो आणि निव्वळ भंगारही असतं. तोवर स्टॉक संपला म्हणून तोच नग पुन्हा खरेदी केलेला असतो.

आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: आज आलेल्या प्रत्येक नगाचा निर्णय उद्या संध्याकाळपर्यंत झाला पाहिजे. विक्रीला, दुरुस्तीला, कंपनीकडे, क्लेमला की भंगारात, यापैकी एक शिक्का त्यावर बसलाच पाहिजे. पुढची सगळी उत्तरं याच नियमाभोवती आहेत.

आरटीओ आणि ग्राहकाने परत केलेला माल वेगळा का धरायचा?

आरटीओ (रिटर्न टू ओरिजिन) म्हणजे ग्राहकाच्या हाती न पडताच फिरलेलं पार्सल. पत्ता सापडला नाही, फोन उचलला नाही, कॅश ऑन डिलिव्हरीचे पैसे द्यायला नकार दिला, अशी कारणं असतात. ते बहुधा उघडलेलं नसतं. सील, वजन आणि बाहेरची पेटी पाहिली की दीड मिनिटात मोकळं होतं. ग्राहकाने परत केलेला नग मात्र उघडलेला, हाताळलेला, कधी वापरलेला असतो. त्याला चार ते बारा मिनिटं लागतात. दोन्ही एकाच रांगेत लावले तर एका मिक्सरमागे वीस आरटीओ अडतात, आणि त्यातलेच बहुतेक नग त्याच दिवशी पुन्हा विकता आले असते.

म्हणून पोती उतरतानाच दोन ढीग करा. कुरियरच्या यादीत प्रकार लिहिलेला असतो. नसेल तर लेबलवरून आणि टेपवरून कळतं: तुमचीच टेप शाबूत असेल तर आरटीओ, वर दुसरी टेप किंवा पिकअपची पिशवी असेल तर ग्राहकाकडचं.

गाडी दारात आली की आधी काय करायचं?

चालक दारात असतानाच प्रत्येक पार्सलचा एडब्ल्यूबी नंबर, म्हणजे लेबलवरचा कुरियरचा पार्सल क्रमांक, स्कॅन करा. पोत्यांची संख्या मोजून सही देणं पुरेसं नाही. कागदावर ४२ आणि पोत्यात ३९ निघाले, तर ते ३ कुठे गेले याचं उत्तर नंतर कुणी देत नाही. फाटलेली, भिजलेली, हलकी वाटणारी पार्सलं बाजूला काढा, फोटो घ्या आणि पोच देताना कागदावर तसा शेरा लिहूनच सही करा. बिनशेऱ्याची सही म्हणजे माल सुस्थितीत मिळाल्याची कबुली.

स्कॅन त्याच दिवशी करण्याला आणखी एक कारण आहे. कुरियरची लेबलं थर्मल कागदावर छापलेली असतात. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ती काळी पडतात आणि बारकोड वाचता येत नाही. उन्हातल्या भिंतीलगत ठेवलेलं पोतं असेल तर हमखास.

तपासणीचं टेबल कसं असावं?

यात कंजुषी करू नका. रिटर्नचा सगळा खरा निकाल इथे लागतो. सहा फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद आणि उभ्याने काम करता येईल असं कमरेच्या जरा वर, म्हणजे साधारण ३६ इंच उंचीचं टेबल घ्या. पृष्ठभाग पांढरा किंवा फिकट एकरंगी असावा, म्हणजे डाग, केस, सुटलेला स्क्रू लगेच दिसतो. वर दोन एलईडी ट्यूब लावा. पिवळ्या उजेडात पांढऱ्या कपड्यावरचा मेकअपचा डाग दिसतच नाही.

टेबलाच्या बरोबर वर खाली तोंड केलेला कॅमेरा लावा. लेबल, वजनकाट्याचा आकडा आणि पेटी उघडणारे हात एकाच चौकटीत आले पाहिजेत. क्लेम फेटाळले जातात ते बहुतेक वेळा रेकॉर्डिंग मध्येच सुरू झालेलं असतं म्हणून: पेटी आधी उघडली आणि मग कॅमेरा चालू केला. क्रम पक्का ठेवा. आधी लेबल कॅमेऱ्याला दाखवायचं, मग पेटीच्या सहाही बाजू फिरवायच्या, काट्यावर ठेवायची, टेप कापायची, नग बाहेर काढायचा, सिरियल नंबर दाखवायचा. मध्ये कट नको. साध्या दर्जाचं रेकॉर्डिंग तासाला सुमारे १ जीबी जागा घेतं. आठ तास काम धरलं तर ९० दिवसांचं रेकॉर्डिंग १ टीबीच्या डिस्कमध्ये मावतं.

काटा ३० किलो क्षमतेचा, ५ ग्रॅमपर्यंत दाखवणारा पुरतो. पण पाठवताना घेतलेलं वजन सिस्टिममध्ये नोंदलेलं नसेल तर परत आल्यावरचं वजन कशाशी ताडणार? पाठवणीच्या टेबलावरही तसाच काटा हवा.

ग्रेड किती ठेवावेत?

चार. सात-आठ केले की माणूस अडखळतो आणि सगळंच मधल्या ग्रेडमध्ये टाकतो.

हिरवा: सील शाबूत, थेट रॅकवर. पिवळा: वस्तू नवी, न वापरलेली, पण पॅकिंग बदलायला हवं. निळा: दुरुस्ती लागेल, किंवा उघडलेला माल म्हणूनच विकावा लागेल. लाल: कंपनीकडे परत किंवा नष्ट.

क्रेटचे रंगही हेच ठेवा. पाचवा क्रेट "निर्णय बाकी" असा ठेवायचाच असेल तर त्यात दहापेक्षा जास्त नग राहू देऊ नका. अकरावा आला की सुपरवायझरने आधीच्या दहांपैकी एकाचा निकाल लावायचा.

वापरलेला किंवा दुरुस्त केलेला नग नवा म्हणून विकणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरतं. म्हणून निळ्या क्रेटमधला माल नव्या मालाच्या रॅकवर चुकूनही जाऊ नये. त्याला वेगळा एसकेयू कोड, म्हणजे स्टॉकमधला वस्तूचा ओळख-कोड, द्या. नुसतं स्टिकर लावून भागत नाही, कारण माल काढणारा माणूस कोड पाहतो.

मिक्सर, इस्त्री, पंखा अशा विजेच्या वस्तूंत काय पाहावं?

मिक्सर उलटा करा. तळाच्या स्क्रूंच्या खाचांवर चकाकणारे ओरखडे असतील तर तो कुणीतरी उघडला आहे. रबरी पायांभोवती पीठ किंवा मसाल्याची कड दिसली तर तो वापरलाय. भांड्याच्या पात्याखाली, कपलरच्या आत बोट फिरवा. धुतलेल्या भांड्यात पाणी तिथेच उरतं. पिनेच्या पितळी टोकांवर काळा ठिपका दिसला तर सॉकेटमध्ये ठिणगी पडली आहे.

मग सुरक्षेची तपासणी. ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) पिनेची वीजवाहक टोकं आणि धातूची बॉडी यांमधला रोध मोजा. तो २ मेगाओमच्या खाली आला तर नग थेट लाल क्रेटमध्ये, चालतोय असं दिसलं तरी. पावसाळ्यात ओल शिरलेली इस्त्री चालते आणि झटकाही देते. तीन पिनेच्या वस्तूत अर्थची सलगता, म्हणजे अर्थच्या पिनेपासून धातूच्या बॉडीपर्यंत तार अखंड आहे का, ते पाहा. मेगर लावणारा माणूस शिकलेला हवा. हे काम हमालावर सोडू नका. शेवटी सिरियल नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. नवा मिक्सर ठेवून घेऊन जुना परत पाठवण्याचा प्रकार इथेच पकडला जातो.

साड्या आणि कपडे तपासताना?

कपड्याला नजरेइतकाच वासही सांगतो. अत्तर, घाम, अगरबत्ती यांचा वास आला की तो घातला गेला आहे. काखेची शिवण, कॉलरची आतली बाजू आणि पायजम्याचा तळ पाहा. टॅगचा धागा मूळचा आहे की पुन्हा ओवलेला, हेही तपासा.

येवल्याची पैठणी परत आली तर घाई करू नका. फॉल-पिको झालं असेल, किंवा ते उसवून काठाच्या कडेला सुईची बारीक भोकं राहिली असतील, तर ती नवी म्हणून विकता येणार नाही. पदर उजेडासमोर धरला की भोकं दिसतात. जरीवर बोटांचा घाम आणि ओल बसली की ती काळवंडते, म्हणून स्वच्छ कोरड्या हातांनीच हाताळा. तपासल्यावर मूळ घडीवरच पुन्हा घडी घालू नका. त्याच रेषेवर रेशीम कातरत जातं. घट्ट प्लास्टिकपेक्षा मलमलीच्या कापडात ठेवलेली बरी. महागडी साडी पाठवतानाच काठालगत सहज काढून पुन्हा लावता येणार नाही असा टॅग लावा आणि त्याचा नंबर बिलावर लिहा. बदलून आलेली साडी ओळखायला याहून सोपा उपाय नाही.

पेटीत दुसराच माल किंवा दगड निघाला तर?

हात थांबवा. पेटी, आतलं सगळं, टेप, लेबल जसंच्या तसं एका पिशवीत घालून क्लेमच्या कुलूपबंद पिंजऱ्यात ठेवा. टेबलावरचं रेकॉर्डिंग, दोन्ही वेळचं वजन आणि पोचवरचा शेरा जोडून त्याच दिवशी क्लेम टाका. प्रत्येक प्लॅटफॉर्मची मुदत वेगळी असते आणि ती अधूनमधून बदलते. सध्याच्या मुदती छापून टेबलासमोर चिकटवा. निकाल लागेपर्यंत त्या मालाला हात लावायचा नाही. पेटी रद्दीत गेली की क्लेमही गेला.

नोंदलेल्या वजनापेक्षा ३ टक्के किंवा ५० ग्रॅम, यांपैकी जे जास्त असेल तेवढ्याहून अधिक फरक दिसला तर ती पेटी सुपरवायझरसमोरच उघडावी.

परतीचं भाडं इतकं कसं लागतं?

बहुधा पेटीच्या आकारामुळे. कुरियर प्रत्यक्ष वजन आणि घनफळाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. हिशेब सामान्यतः असा: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि ५,००० ने भागायचं. ४० × ३० × २५ ची पेटी ६ किलोची होते, मग आत दीड किलोचाच नग का असेना. जाताना आणि येतानाही तेच भाडं. पेटीचे तीन-चार ठरावीक आकार ठेवले तर फरक लगेच जाणवतो.

पावसाळ्यात काय वेगळं करावं?

भिवंडीकडून येणारा माल कसारा घाट आणि इगतपुरीच्या पावसातून येतो. नाशिकमध्ये ऊन असलं तरी ताडपत्रीखालची पोती ओली असू शकतात. ओलं पार्सल रचून ठेवू नका. बाहेरून फोटो घ्या आणि सगळ्यांच्या आधी तेच उघडा. कागदी पेटी ओल शोषते, आणि एक-दोन दिवसांत आत बुरशी धरू लागते. तिची ओल वरच्या-खालच्या पेट्यांतही उतरते.

रिटर्नचा माल जमिनीवर नको, पॅलेटवर ठेवा. भिंतीपासून दीड फूट सोडा. पत्र्याच्या गाळ्यात भिंतीच्या आतल्या बाजूला पाणी सुटतं ते हात फिरवल्याशिवाय कळत नाही. चामडं, कॅमेरा आणि कागदाचा माल पुन्हा पॅक करताना सिलिका जेलची नवी पुडी घाला. जुनी पुडी ओल पिऊन बसलेली असते.

चिवडा, मनुका, मसाले असा खाण्याचा माल परत आला तर?

ग्राहकाच्या घरी जाऊन आलेला खाद्यपदार्थ पुन्हा विक्रीला जाणार नाही, सील शाबूत दिसलं तरी. तो कुठे, किती उन्हात ठेवला होता हे कुणी सांगू शकत नाही. यावर आमचं मत ठाम आहे. आरटीओ झालेलं पाकीट शाबूत असेल, पुरेशी मुदत शिल्लक असेल आणि वाटेत फार दिवस गेले नसतील, तरच त्याचा विचार करा. मुदत संपलेला आणि नाकारलेला खाद्यमाल "विक्रीसाठी नाही" अशी पाटी लावून वेगळा ठेवावा लागतो. तो उंदीर-घुशींना खुला राहिला की बाजूचा चांगला मालही हातचा जातो. नष्ट करताना पाकीट फाडून आतला पदार्थ वेगळा काढा. अख्खी पाकिटं कचऱ्यात टाकली तर ती बाजारात परत येऊ शकतात.

फुगलेली बॅटरी असलेला मोबाइल किंवा पॉवर बँक आली तर?

दाबू नका, टोचू नका, चार्ज करून पाहू नका. कोरड्या वाळूच्या लोखंडी डब्यात ठेवून तो डबा मालापासून दूर, शक्यतो शेडबाहेर सावलीत न्या. या वस्तू भंगारवाल्याला द्यायच्या नाहीत. ई-कचऱ्याचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, बॅटरी कचऱ्याचेही २०२२चे वेगळे नियम आहेत. नोंदणीकृत रिसायकलरकडे द्या आणि पावती फाइलला लावा.

जीएसटीमध्ये काय सांभाळायचं?

विक्री परत आली की क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी केल्याचा कागद) काढायची, मूळ बिलाच्या नंबरासह. कर कमी करून घ्यायचा असेल तर ती आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत किंवा त्या वर्षाचं वार्षिक विवरणपत्र भरेपर्यंत, जे आधी घडेल त्याच्या आत, विवरणपत्रात दाखवावी लागते. खरेदीदार नोंदणीकृत असेल तर त्याने आपलं इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची घेतलेली वजावट) उलटवलेलं असलं पाहिजे.

नष्ट केलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा खात्यातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं क्रेडिटही उलटवावं लागतं. लाल क्रेटमधल्या मालाची यादी दर महिन्याला अकाउंटंटकडे गेली पाहिजे. गोदामातून ती जात नाही आणि वर्षअखेरीला स्टॉक जुळत नाही, ही नेहमीची अडचण.

दुकानदारांकडून परत येणाऱ्या मालाला ई-वे बिल लागतं का?

महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांच्या वरच्या मालाला आणि राज्याबाहेरून येताना ५०,००० रुपयांच्या वरच्या मालाला साधारणपणे लागतं, परतीचा माल असला तरी. सोबत दुकानदाराची डेबिट नोट किंवा डिलिव्हरी चलन हवं.

मालेगाव, सटाणा, कळवणच्या दुकानांतून सेल्समन जो माल "साहेबांनी घ्यायला सांगितलाय" म्हणून गाडीत टाकून आणतो, तो बंद करा. दुकानदाराने आधी यादी कळवावी: वस्तू, नग, बॅच, कारण, मूळ बिल नंबर. तुम्ही मंजुरीचा नंबर द्या. तो नंबर पेटीवर लिहिलेला नसेल तर माल उतरवून घेऊ नका. मुदत संपलेला माल महिन्यातून एकाच ठरलेल्या दिवशी घ्या.

किती माणसं लागतात?

दिवसाला १०० रिटर्न धरा. ६० आरटीओ, दीड मिनिटाप्रमाणे ९० मिनिटं. ३० कपडे आणि घरगुती वस्तू, चार मिनिटांप्रमाणे १२०. १० विजेच्या वस्तू, बारा मिनिटांप्रमाणे १२०. एकूण ३३० मिनिटं, म्हणजे साडेपाच तास. आठ तासांच्या पाळीत हाताशी येणारा कामाचा वेळ सहा-साडेसहा तास असतो, तेव्हा एक शिकलेला माणूस आणि उतरवायला अर्धवेळ मदतनीस पुरतो. फक्त त्या माणसाला दुपारनंतर पाठवणीच्या टेबलावर ओढायचं नाही.

सॉफ्टवेअर घ्यावंच लागतं का?

दिवसाला ५० रिटर्नपर्यंत एक्सेल आणि बारकोड स्कॅनर पुरतात. रकाने हे ठेवा: आल्याची तारीख, एडब्ल्यूबी, ऑर्डर नंबर, एसकेयू, दोन्ही वजनं, कारण, ग्रेड, कुठे ठेवला, निर्णयाची तारीख. दर सोमवारी दोन याद्या काढा. एक, परत निघाल्याचं दिसतं पण १५ दिवसांत हाती न आलेल्या पार्सलांची. दोन, आलेल्या पण ४८ तासांत निर्णय न झालेल्या नगांची. यांतली दुसरी यादी मालकाने स्वतः वाचावी.

दिवाळीनंतर येणारी लाट कशी पेलायची?

सणाची विक्री संपल्यावर दोन-तीन आठवडे रिटर्न वाढलेले असतात, आणि नेमके तेव्हाच माणसं गावी गेलेली असतात. सुट्ट्या आधीच वाटून द्या, दुसरं तपासणी टेबल आणि रिकामे पॅलेट तयार ठेवा. जागा अपुरी पडली तर आधी आरटीओ मोकळे करा. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. त्या दिवसांत शहरातल्या अवजड वाहतुकीवर बंधनं येतील हे धरून कुरियरशी रिटर्न उतरवण्याच्या वेळा आधीच बोलून घ्या.

रिटर्न मुळातच कमी कसे होतील?

तपासणीच्या वेळी कारण नीट लिहिलं गेलं तरच. ग्राहकाने ॲपवर निवडलेलं कारण आणि टेबलावर दिसलेलं कारण, दोन्ही नोंदवा. ग्राहक "आवडलं नाही" म्हणतो आणि पेटीत तडा गेलेलं झाकण निघतं. कारणांची यादी आठ-दहाच्या वर नेऊ नका, आणि "इतर" हा पर्याय देऊच नका.

चुकीचा नग गेला ही तक्रार एकाच एसकेयूवर पुन्हा पुन्हा आली तर रॅक पाहा. बहुधा सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारच्या खान्यांत असतात: ७५० मिलीची निळी बाटली आणि १ लिटरची निळी बाटली. त्यांच्यात दोन रॅकचं अंतर टाका. मापाची तक्रार असेल तर परत आलेले पाच नग टेपने मोजून साइज चार्टशी ताडा. पुष्कळदा चार्टच चुकलेला असतो. तुटफूट एकाच कोपऱ्यावर होत असेल तर त्या कोपऱ्याला जाड पुठ्ठा लावा. सगळीकडे बबल रॅप गुंडाळल्याने घनफळ वाढतं, कोपरा मात्र तसाच फुटतो.

भंगार आणि रिकाम्या पेट्या देताना काही पथ्य?

लेबलवर ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन नंबर असतो. रद्दीला देण्याआधी लेबल फाडा किंवा काळं करा. लाल क्रेटमधल्या मालावरचं ब्रँडचं नाव आणि सिरियल नंबरची पट्टी कापून काढा, कपडे आडवे फाडा, वायरी तोडा. वजन, तारीख आणि दर लिहिलेली पावती घ्या, आणि हे काम तपासणी करणाऱ्या माणसाऐवजी दुसऱ्याच्या हाती द्या. जो ग्रेड ठरवतो त्यानेच भंगार विकायचं असेल तर लाल क्रेटमध्ये चांगला माल दिसू लागतो.